साबिक, सरहान, मैमून

“...बिन साबिक, बिन सरहान, बिन मैमून, बिन अब्दुल्ला...”

अवदचाचा डोळे मिटून बापांची नावं घेत होते आणि पडद्याआड माझी धाकटी बहीण नूरिया माझ्या दंडाला चिमटे काढत होती. प्रत्येक नावाला एक चिमटा. मी कळ सोसत उभी होते. तिचं सगळं आयुष्य त्या दुपारी आमच्या परभणीच्या बैठकीत गादीवर ठेवलेलं होतं, आणि त्यावर कोण बसणार ते अवदचाचा ठरवणार होते.

आमच्यात मंगनीच्या दिवशी शजरा म्हणायची रीत. निदान आमच्या चार घरांत तरी होती. आधी मुलाकडच्या थोरल्यानं मुलाच्या बापाचं, आजाचं, पणज्याचं नाव घेत घेत थेट अरबस्तानापर्यंत जायचं. मग मुलीकडच्यांनी. कुठं अडखळायचं नाही, कागद बघायचा नाही. जो अडखळला त्याचं रक्त पातळ. अवदचाचा हैदराबादच्या बारकसहून आले होते. मुलगा सईद त्यांचा पुतण्या, त्याचे वडील वारलेले, त्यामुळे हो आणि नाही दोन्ही चाचांच्या मुठीत. त्यांचा शजरा सोळा नावांचा. आवाज असा लावलेला की जणू सोळाही जण दाराशी चपला काढून आत येतायत.

“अल्हम्दुलिल्लाह,” ते थांबले, आणि त्यांनी सुंठ घातलेल्या कहव्याचा घोट घेतला. “आता तुम्ही, मुबारकभाई.”

मुबारक म्हणजे आमचे अब्बा. ते खालमानेनं बसले होते. त्यांनी सुरुवात केली तेव्हा आवाज नेहमीसारखा खणखणीत होता. परभणीत आमच्या चाऊस आडनावाच्या कुठल्याही घरात लग्न असलं की वरातीपुढे उभं राहून “फलाण्याचा बेटा, फलाण्याचा नातू” अशी ललकारी देणारे ते आमचे अब्बाच. त्यांच्या बापानं तेच केलं, आजानंही. पण त्या दिवशी सहाव्या नावाला आवाज एकदम खाली गेला. मला वाटलं, खोकला आला. पुढची नावं त्यांनी भराभर उरकली, आणि झालं म्हणून हात मांडीवर ठेवले.

अवदचाचांनी मान हलवली. सगळं सुरळीत चाललं होतं. नूरियानं चिमटे काढायचे थांबवून माझा हात घट्ट धरला. आणि तेवढ्यात चाचा म्हणाले,

“आता तुमच्या त्या शिकलेल्या मुलीला बाहेर बोलवा.”

तिला म्हणजे मला.

बोलणं सगळं आमच्या दखनीत चाललं होतं. मी मराठीत सांगतेय, कारण जन्मभर मराठी शिकवल्यावर आता मला भांडणंसुद्धा मराठीतच आठवतात.

झालं होतं असं. मी तेव्हा औरंगाबादला शिकत होते, शब्दांच्या मुळाचा अभ्यास करत होते, आणि त्या वयात माणसाला जे सापडतं ते गावभर सांगितल्याशिवाय अन्न पचत नाही. मी एका दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत आमच्या आडनावावर लेख लिहिला. आम्ही निजामाच्या फौजेत आलेले अरब, म्हणून चाऊस हा शब्दही अरबीच, असं आमच्यात सगळे धरून चालतात. तो निघाला तुर्की. इस्तंबूलच्या फौजेत चावुश म्हणजे हवालदारासारखा हुद्दा. मिसरात, म्हणजे इजिप्तात गेला तर शाविश झाला, पोलीस झाला. सर्बियात वरातीपुढे थट्टामस्करी करत चालणारा तो चाउश. ग्रीसमध्ये आडनाव, आणि परभणीतही आडनाव. एवढी लेकरं देशोदेशी सांडलेला शब्द! जुना अर्थ असा की लढाईत जो रांगा सरळ करतो, आणि लढाई नसते तेव्हा जो शिपायांना जुलूम करू देत नाही, तो चाऊस. त्याच्याही मागे, हाक किंवा बोलबाला अशा अर्थाचं एक मूळ असावं असा पंडितांचा कयास. ते मूळ त्या रूपात कुठं लिहिलेलं सापडत नाही. लेकरांच्या तोंडावळ्यावरून मेलेल्या बापाचा चेहरा ताडावा, तसं ते ताडलेलं. अशा शब्दापुढे आमच्या अभ्यासात एक चांदणी काढतात. चांदणीचा अर्थ एवढाच: हा शब्द कुणी पाहिलेला नाही, आम्ही जुळवलाय.

लेख मी प्रेमानं लिहिला होता. पण पुरवणीतल्या कुणा दीडशहाण्यानं वर मथळा दिला, ‘अरब नव्हे, तुर्क!’ झालं. कुणी लेख वाचला नाही, मथळा मात्र सगळ्यांनी पाठ केला. मशिदीतून येणारे लोक अब्बांना “काय तुर्कसाहेब!” म्हणायला लागले. अम्मीनं डोक्याला हात लावला. अब्बा तर माझ्याशी बोलेनासेच झाले. मी सुटीला घरी आले की ते ताट घेऊन ओसरीवर जायचे. “पाणी देऊ?” विचारलं तर उत्तर अम्मीला द्यायचे.

आणि त्या सकाळी नूरियानं मला मोरीत गाठलं होतं. तिच्या हातावरची मेंदी अजून ओली होती.

“आपा, आज तुझं तोंड शिवून ठेव.”

“मी काय बोलणार आहे?”

“तू काहीही बोलतेस. एकदा माझं जमता जमता राहिलंय. थोरली बिनलग्नाची, पुस्तकं वाचते, म्हणून ते लोक परत गेले. हे गेले तर खुदाकसम, मी तुझं तोंड पाहणार नाही.”

तिला सईद आवडला होता. मामूच्या घरच्या लग्नात तिनं त्याला लांबून पाहिलं होतं, तेवढंच. तेवढ्यावर माणूस किती इमले बांधतो! मी तिला शब्द दिला.

तर मी बाहेर आले. डोक्यावर ओढणी, नजर खाली. बैठकीत आमच्या बाजूचे दोन म्हातारे, त्यांच्या बाजूचे चौघे. भिंतीवर खापरपणज्याचा जंबिया टांगलेला. अब्बांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

“तूच का ती जोहरा?” अवदचाचांनी खिशातून घडी केलेलं कात्रण काढलं. शंभर वेळा उलगडून त्याच्या कडा मऊ झाल्या होत्या. “हे तूच लिहिलंस?”

“हो, चाचा.”

“यात आम्ही तुर्कांची औलाद आहोत म्हणून लिहिलंयस.”

“माणसं नाही, चाचा. शब्द. शब्द तुर्की आहे, एवढंच.”

“शब्द आणि माणूस वेगळे असतात? तुझं नाव जोहरा. तुझ्या नावाला कुणी जोडा मारला तर लागणार कुणाला?”

त्यांच्या बाजूचे चौघे हसले. चाचांना ते हसू फार आवडलं. ते जरा पुढे सरकले.

“बरं, तो तुर्की शब्द तरी कुठं लिहिलाय? कुणी पाहिलाय?”

“शब्द पाहिलाय. त्याच्या मागचं मूळ कुणी पाहिलेलं नाही. ते जुळवलेलं आहे. म्हणून त्याच्यापुढे चांदणी असते.”

“ऐका!” त्यांनी मांडीवर थाप मारली. “मुबारकभाई, ऐकलंत? कुणी न पाहिलेल्या बापाची ही लेकरं! असल्या चांदणीवर ही पोरगी अख्ख्या कौमेची अब्रू वेशीला टांगते. पोरी, जो बाप कुणी पाहिला नाही त्याला आमच्यात काय म्हणतात ठाऊक आहे?”

आता मात्र माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नूरियाला दिलेला शब्द मला आठवत होता. चांगला आठवत होता. पण जीभ माझ्या आधी धावली.

“चाचा, तुम्ही आत्ता सोळा बाप मोजलेत. त्यातला सोळावा कुणी पाहिलाय?”

चौघांचं हसू विरलं. मग पडद्यामागून अम्मीचा “या अल्ला” ऐकू आला, आणि त्यानंतर नूरियाचा हुंदका.

अवदचाचांचा चेहरा जांभळा पडला. “ही तोंड वर करून माझ्या शजऱ्यावर बोलते? मुबारकभाई! तुमच्या घरात, तुमच्यासमोर?”

अब्बा गादीची कड सारखी करत राहिले.

“मी नरमाईनं आलो होतो,” चाचा उठत म्हणाले. “विचार केला होता, मुलगी चांगली आहे, थोरलीच्या पापाची शिक्षा धाकटीला कशाला. आता ऐका. हिनं इथं, या सगळ्यांसमोर म्हणायचं, ‘मी खोटं लिहिलं, मी जाहिल आहे, मला माफ करा.’ आणि तेच पेपरात छापून आणायचं. नाहीतर हा मी निघालो. आणि परभणीपासून हैदराबादपर्यंत एकाही अरब घरातून या दारात मागणी येऊ देणार नाही, हे लिहून ठेवा. दोघींनाही.”

ते दाराकडे चालू लागले. त्यांची माणसं उठली. कुणी पायानं चपला शोधू लागलं. पडदा हलत होता, त्याच्या फटीतून नूरियाचा मेंदीचा हात दिसत होता, पडद्याला घट्ट धरलेला.

मला अजून त्या माणसाचा संताप येतो, पण तेव्हा मला दुसरं काही दिसतच नव्हतं, फक्त तो हात. काय फरक पडतो, मी स्वतःला म्हटलं. शब्दाला थोडंच काही होणार आहे! तो हजार वर्षं असाच फिरतोय, माझ्या माफीनं काय त्याचा पाय मोडणार? मी ओढणी सावरली.

“चाचा,” मी म्हटलं, “मी खोटं...”

“थांब.”

अब्बा उठले होते. किती दिवसांनी त्यांनी माझ्याशी बोललेला तो पहिला शब्द, आणि तोही असा, कुत्र्याला हटकावं तसा. मी थांबले. अब्बा सावकाश चालत अवदचाचांपर्यंत गेले. पाहुण्याला निरोप देताना धरतात तसा त्यांनी चाचांचा उजवा हात दोन्ही हातांत धरला, पुढे वाकले, आणि त्यांच्या कानात काहीतरी बोलले. फार नाही. एखादं वाक्य असेल.

मी चाचांकडे बघत होते. त्यांचा एक पाय चपलेत होता, दुसरा चटईवर. त्या दुसऱ्या पायाची बोटं आवळली गेली. त्यांनी अब्बांकडे पाहिलं. अब्बांचा चेहरा अगदी साधा होता, अदब राखणारा. यजमानाचा.

“बसा ना,” अब्बा मोठ्यांदा म्हणाले. “हरीस गार होतोय.”

आणि अवदचाचा परत येऊन बसले! त्यांची माणसं एकमेकांकडे बघत राहिली. चाचांनी कहव्याची वाटी उचलली, ती रिकामी होती, तरी तोंडाला लावली. मग घसा साफ करून म्हणाले, “लेकरांचं लिहिलेलं कोण मनावर घेतं? तारीख काढू या.”

नूरियाचं लग्न ठरलं. पडद्याआड अम्मी आणि नूरिया एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. मी गेले तर नूरियानं मला ढकललं. “तू दूर हो. तू मला बुडवलंच होतंस.” तिचं काही चुकलं नाही.

पाहुणे गेल्यावर मी ओसरीवर गेले. अब्बा ताट पुढ्यात घेऊन बसले होते.

“अब्बा, तुम्ही त्यांना काय सांगितलंत?”

“काही नाही.”

“धमकी दिलीत?”

त्यांनी घास घेतला, चावला, गिळला. “उद्याच्या गाडीनं औरंगाबादला जा. लग्नापर्यंत इथं दिसू नकोस. आणि लग्नात पाहुणी म्हणून ये, तोंड बंद ठेवून.”

मी गेले. लग्नात पाहुणी म्हणून आले. पुढेही अनेक वर्षं आमच्या घरात मी पाहुणीच राहिले. मी नोकरी धरली, लग्न केलं नाही, शब्दकोशाच्या कामात डोकं घातलं. अब्बांनी एकदाही विचारलं नाही की तू करतेस काय. मी मनाशी पक्कं करून टाकलं की त्यांनी त्या दिवशी चाचांना काहीतरी अघोरी धमकी दिली, ती माझ्यामुळे द्यावी लागली, आणि त्या लाजेचा राग ते माझ्यावर काढतायत. आमच्यात एक आडदांडपणा आहेच. जंबिया भिंतीवर असला तरी बोलण्यात नेहमी उपसलेला असतो.

अवदचाचा वारले तेव्हा अब्बांनी सांत्वनाला जायचं म्हणून शेरवानी काढली आणि परत पेटीत ठेवली. “पाय दुखतात,” म्हणाले. पाय ठणठणीत होते.

मग अब्बाच आजारी पडले. अम्मी आधीच गेलेली. मी रजा काढून परभणीला राहिले. एका दुपारी मी त्यांना पेज भरवत होते, तर ते तोंड फिरवून म्हणाले,

“ती चांदणी अजून लावतेस का शब्दांना?”

माझ्या हातातला चमचा तसाच राहिला. “तुम्हाला कुणी सांगितलं चांदणीचं?”

“तू बोलली होतीस ना, बैठकीत. आणि त्याच्या आधी नूरीनं तुझा लेख वाचून दाखवला होता मला. दोनदा वाचायला लावला. शिव्या घालत घालत वाचला तिनं.”

मी चमचा वाटीत ठेवला. अब्बांना मराठी वाचता येत नसे, फक्त उर्दू.

“तू लिहिलं होतंस,” ते म्हणाले, “लढाई नसते तेव्हा शिपायांना जुलूम करू देत नाही, तो चाऊस. खरंच तसं आहे, की तू घरचं म्हणून गोड लिहिलंस?”

“खरंच तसं आहे.”

“हं.” त्यांनी पेज मागितली, दोन चमचे घेतली. “माझा आजा काय करायचा माहितेय? जमियतच्या, निजामाच्या अरब फौजेच्या पुढे उभं राहून एकेकाचा शजरा पुकारायचा. आता गंमत बघ. जहाजातून उतरलेल्या पोरांना बापाचं नाव ठाऊक, फार तर आज्याचं. पुढं अंधार. पण पुकारायला नाव तर पाहिजे! मोठ्या घरची मुलगी करायची तर आणखी पाहिजेत. मग ते रात्री गुपचूप आजाकडे यायचे. आजा जुळवून द्यायचा. शोभेल असं, ऐकायला जड असं.”

“म्हणजे अवदचाचांचं...”

“अवदच्या आजाला तेरा पाहिजे होती, पुढच्या पिढ्या धरून ती सोळा झाली. नवाला माझ्या आजाची नावं संपली. तेव्हा पागेत जमियतचे तीन घोडे बांधलेले होते.”

“काय नावं त्यांची?” मी विचारलं.

“साबिक, सरहान, मैमून,” अब्बा म्हणाले, त्याच जुन्या आवाजात, फक्त हळू. “अवदला ठाऊक होतं. त्या घरात प्रत्येक थोरल्याला मरताना सांगून जायचे. आमच्या घरातही, पुकारणाऱ्याला. सांगायचं, आणि कुणासमोर तोंड उघडायचं नाही. पुकारणाऱ्यानं कुणाचं उघडं पाडलं तर त्याची जीभ झडते, असं आजा म्हणायचा.”

“पण तुम्ही तर त्या दिवशी त्यांच्या कानात सांगितलंत.”

“सांगितलं नाही. विचारलं.” अब्बांच्या ओठांच्या कडेला पेज लागली होती, आणि तिथंच काहीतरी हललं. हसूच होतं ते. “मी म्हटलं, अवदभाई, मी विसरलो, पांढऱ्या पायाचा साबिक होता की सरहान?”

मी एवढी हसले की पेज सांडली. मग मला रडू फुटलं, आणि ते आवरेना. अब्बांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते छताकडे बघत होते.

“तेवढंसुद्धा विचारायला नको होतं,” ते म्हणाले. “जीभ झडली नाही, पण त्यानंतर मला कुठल्या वरातीपुढे हाक द्यायला गळाच उरला नाही. तू घरात दिसलीस की ते आठवायचं. म्हणून तुला धाडलं.”

“आणि आपला शजरा, अब्बा? सहाव्या नावाला तुमचा आवाज का खाली गेला?”

“सहाव्यापुढे तुझी चांदणी लाव,” ते म्हणाले, आणि त्यांनी डोळे मिटले. “सगळ्यांनाच.”

त्याच महिन्यात ते गेले.

गेल्या वर्षी नूरियाच्या धाकट्याची मंगनी होती. बारकसलाच. मुलगी जेद्दाहून परतलेल्या घरातली, तिचा मामा मोठा कर्मठ, शजऱ्याशिवाय पुढे बोलायला तयार नाही. सईद सकाळपासून पाठ करत होता, पण त्याची नावं आठव्यापाशी अडत होती, आणि चाचांच्या पिढीतलं कुणी उरलं नव्हतं. नूरिया मला मोरीतच गाठायला आली. तिचे केस आता माझ्याहून पांढरे आहेत.

“आपा,” ती म्हणाली, “तू त्या दिवशी पडद्याआड उभी होतीस. तुला येतो ना तो?”

“येतो. प्रत्येक नावाला तुझा चिमटा होता, विसरेन कशी?”

“मग आज तोंड उघड. तुझ्या पाया पडते. बाईनं म्हटला म्हणून कुणी कुरकुरलं तर मी बघते.”

मी बाहेर गेले. मुलीच्या मामानं भुवया उंचावल्या. सईद ओशाळून मान खाली घालून बसला. मी ओढणी सावरली आणि नवऱ्या मुलाच्या बापापासून सुरुवात केली, मग आजा, मग पणजा. आवाज आपोआप अब्बांचा लागला, मला तो लावावा लागला नाही. तेराव्या नावापर्यंत तो मामा डोळे मिटून मान डोलावायला लागला होता.

चौदावं आलं. मी श्वास घेतला आणि साबिकचं नाव जरा जास्तच जोरात पुकारलं. घोडा चांगला होता म्हणतात.